कौतिकाच्या नावावरची चूल

“बाई, माहा हात चिपकला वाट्टे इथं,” कौतिका म्हणाली.

पदर खिळ्याला अडकला तर माणूस जेवढ्या आवाजात सांगेल, तेवढ्याच आवाजात. मी खिडकीशी पाठमोरी उभी राहून निळ्या रंगातून काढलेले रुमाल दोरीवर टाकत होते. “चिकटला तर काढा की,” म्हणत मी वळले आणि हातातला रुमाल तसाच जमिनीवर पडला.

वातीच्या स्टोव्हवर मेणाचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. कौतिका उजव्या हाताने, जीभ दातांत धरून, पडद्याच्या कापडावर माशाचे खवले काढत होती. पातेलं हलू नये म्हणून तिने डावा तळवा त्याच्या कडेला टेकवला होता, कणीक मळताना परात धरतात तसा. किती वेळ टेकवला होता कोण जाणे. मी तिच्याकडे शेवटचं बघितलं त्याला अर्धा तास तरी झाला होता.

मी धावत जाऊन स्टोव्ह विझवला आणि तिचं मनगट धरून हात ओढला. तळव्याची कातडी पातेल्यावर राहिली. मी किंचाळले. कौतिका नाही किंचाळली. तिने हात उलटा करून नीट बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पडद्यावर मेण नाई ना सांडलं?”

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी चोवीस वर्षांची होते, चित्रकलेची पदविका घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि नागपूरच्या एका संस्थेत लागले होते. ज्यांच्या दारापर्यंत कला जात नाही त्यांच्या दारी ती नेऊन पोचवायची, हे आमच्या संस्थेचं काम. हे वाक्य तेव्हा मी उठताबसता म्हणायची. घरी आईला ऐकवायची, बसमध्ये शेजारणीला ऐकवायची. संस्थेने मला नागपूरपासून तीन तासांवरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत पाठवलं. बारा बायका माझ्या वर्गात आल्या. कुणाची बोटं आखडलेली, कुणाची झडलेली. ब्रश धरता यावा म्हणून मी त्यांच्या तळव्याला चामड्याचे पट्टे बांधायची आणि पट्ट्यात ब्रश खोचायची. असे पट्टे करायची कल्पना माझी, आणि ती मी भेटेल त्याला सांगत असे.

वसाहतीचे डॉक्टर खानझोडे पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, “बाई, काय वाटेल ते शिकवा. फक्त गरम आणि धारदार हातात देऊ नका. या रोगात हाताची जाणीव मरते. चटका बसला तर यांना कळत नाही. आपला हात कळ येते म्हणून शाबूत राहतो, हे लक्षात ठेवा.”

मी मान डोलावली. आणि अर्जात लिहिलं, ‘कापडावरील रंगकाम’. मेणाचं नाव काढलं नाही. कारण मला बाटिक शिकवायचं होतं. कापडावर वितळलेल्या मेणाने चित्र काढायचं, कापड रंगात बुडवायचं, मेणाखालची जागा कोरी राहते, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. त्या वेळी बाटिकची फार हवा होती. चाळीस जलरंगांचे कागद नागपुरात नेऊन लावले असते तर त्यांच्याकडे ढुंकूनही कुणी बघितलं नसतं, असा माझा हिशेब. आणि काळजी काय, मेण मी वितळवणार, ब्रश मी बुडवणार आणि मग यांच्या पट्ट्यात खोचणार. डॉक्टरांना जे कळतं ते आपल्यालाही कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

चार महिने हे ठीक चाललं. मग रविवारी प्रदर्शन आणि बुधवारपर्यंत नऊ फुटी पडदा अर्धा कोरा, अशी वेळ आली. पडदा कौतिकाचा होता. ती भंडाऱ्याकडच्या ढिवरांची लेक, बाप तळ्यावर मासे धरायचा. पंचेचाळिशीची असेल. डाव्या हाताची बोटं वळलेली, पण उजवा हात रोगाने जवळजवळ सोडलेला. इतर बायका फुलं काढत, वेली काढत. कौतिका मासे काढायची आणि प्रत्येक मासा वेगळा असायचा. एकदा तिने मला विचारलं होतं, “बाई, तिथं लोकं याले हात लावतीन काय?” मी म्हणाले, “लावतील की. कापड हाताने बघितल्याशिवाय कळतं का?” गावातला दुकानदार तिच्या पिशवीत वीतभर वरून साखर सोडायचा, हे मला पुढे कळलं.

तर गुरुवारी, बाकीच्या बायका जेवायला गेल्यावर, ती म्हणाली, “एक एक येळा ब्रश बुडवून देता, तुमचा टैम जाते. मीच घेतो ना बुडवून.” आणि मी म्हणाले, “घ्या.” उजवा हात चांगला आहे ना तिचा, एवढंच मी बघितलं. डावा हात मोकळा बसत नाही, तो आपोआप मदतीला येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“चला दवाखान्यात,” मी म्हणाले. दवाखाना दोनशे पावलांवर होता. पण मी उठले नाही आणि तीही उठली नाही.

“दवाखान्यात कसं जाता?” ती म्हणाली. “साहेब इचारतीन, काह्यानं भाजलं.”

मला तिचं म्हणणं कळलं. वसाहतीत नवराबायकोंसाठी अठरा खोल्या होत्या, आणि खोली हवी असलेली जोडपी त्याच्या दुप्पट. बाकीच्यांनी राहायचं ते बायकांनी स्त्रीवॉर्डात आणि पुरुषांनी पुरुषवॉर्डात, मध्ये तारेचं कुंपण, भेट फक्त रविवारी चार ते पाच, पत्र्याच्या शेडखाली. खोली मिळाली की बरोबर एक चूल मिळायची, बाईच्या नावावर. आणि मग दर सोमवारी त्या बाईने डॉक्टरांपुढे हात धरायचे. चुलीवर भाजल्याची खूण दिसली की चूल बंद आणि खोलीही गेली. नियम दुष्टपणाचा नव्हता. पूर्वी दोन बायकांचे हात मनगटापासून कापावे लागले होते, त्यानंतर डॉक्टरांनी तो केला होता. कौतिका आणि तिचा नवरा डोमाजी यांनी अकरा नंबरच्या खोलीसाठी सात वर्षं वाट बघितली होती. डोमाजीचे डोळे रोगाने गेले होते. पहिल्याच आठवड्यात तिने मला हे सगळं सांगितलं होतं.

“पण हे चुलीवर कुठे झालं? माझ्या वर्गात झालंय,” मी म्हणाले.

“मंग तसं सांगा.”

मी सांगितलं असतं तर त्याच दुपारी वर्ग बंद झाला असता. डॉक्टरांनी बजावलेलं असताना मी मेण आणलं, अर्जात लपवलं. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी संस्थेने मला घरी बसवलं असतं. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि अक्षरशः हात जोडले.

“कौतिकाबाई, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. रविवारी प्रदर्शन होऊ दे. सोमवारी हातपाहणीच्या आधी मी स्वतः डॉक्टरांना सगळं सांगते. तुमच्या चुलीला धक्का लागू देणार नाही.”

“नक्की?”

“गळ्याशपथ.”

तिने थोडा विचार केला. “अन् घरी बुड्याले काय सांगू?”

“त्यांना दिसत नाही ना?” मी म्हणाले.

किती पटकन सुचलं मला ते! आजही ते वाक्य आठवलं की मला माझी किळस येते.

शुक्रवारी आणि शनिवारी मी कपाटामागे तिचा हात बांधला. भाजल्यावर लावायचं पिवळं मलम मी बाजारातून आणलं होतं. शुक्रवारी जखम पांढरी होती. शनिवारी कडा हिरवट झाल्या आणि पट्टी सोडताच वास आला. कौतिका हात माझ्या हातात देऊन दुसऱ्या हाताने पडद्याचं शेपटाकडचं टोक सारखं करत होती. तिला काही होत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. तिने एकदा जरी ‘आई गं’ म्हटलं असतं, तरी मला वाटतं, मी तिला उचलून दवाखान्यात नेलं असतं. मी जास्त मलम लावलं आणि पट्टी जाड बांधली.

“बाई, सोमवार ना?” ती म्हणाली.

“सोमवार. माझ्यावर विश्वास आहे ना?”

“हाव. नाई त कोणावर ठेवू?”

रविवारी नागपुरात गर्दी लोटली. कौतिकाचा पडदा दर्शनी भिंतीवर होता, आणि लोकांनी त्याला खरंच हात लावले. रेशमी साडीतल्या एका वयस्कर बाईंनी तर माशांवर गाल टेकवला. संस्थेच्या अध्यक्षा विमलताई बोधनकर माझ्या खांद्याभोवती हात टाकून सगळ्यांना सांगत फिरल्या, “ही आमची शुभदा. हिने दगडाला पाझर फोडला.” संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “उद्या सकाळी मी वसाहतीत येते. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन येते. दोन वर्षांसाठी वर्ग चालू ठेवायचं मंडळाच्या मनात आहे, ते तिथेच जाहीर करू.”

त्यांना तेव्हाच बाजूला घेऊन सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरांनाच आधी गाठू.

सोमवारी मी साडेसातला बसमधून उतरले, तर विमलताईंची मोटार फाटकात उभी. त्या डॉक्टरांबरोबर दवाखान्याच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. “ये गं, ये! आम्ही हातपाहणी बघतोय. किती शिस्तीचं काम आहे यांचं!” ओसरीखाली खोल्यांतल्या अठरा बायका रांगेत उभ्या होत्या. कौतिका अकरावी. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. आली बाई, असं सरळ तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

मी डॉक्टरांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. वाकायचं आणि ‘डॉक्टर, जरा बाजूला येता का’ म्हणायचं, एवढंच काम. पहिली बाई झाली. दुसरी झाली. विमलताई फोटोग्राफरला सांगत होत्या की हातांचा फोटो घ्या, हात महत्त्वाचे. सहावी झाली. प्रत्येक बाईला मी म्हणत होते, हिच्यानंतर सांगते. दहावी झाली.

“कौतिका, हे काय?” डॉक्टर म्हणाले.

पट्टी सुटली तशी विमलताईंनी नाकाला रुमाल लावला. डॉक्टरांनी चिमट्याने जखमेची कड उचलली. मग हळू आवाजात म्हणाले, “चार दिवस झालेत याला. चार दिवस लपवलंस? कशाने भाजलं?”

तिने माझ्याकडे बघितलं.

रागाने नाही बघितलं. पुढचं वाक्य माझं आहे आणि ते आता मी बोलणार, अशा भरवशाने बघितलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. विमलताईंच्या हातातलं घोषणेचं पत्र मला दिसत होतं. ‘दोन वर्षांकरिता’ हे शब्द दिसत होते. पाचसहा सेकंद गेले असतील. मग कौतिकाची नजर माझ्या तोंडावरून खाली उतरली.

“विचारतोय मी. चुलीवर ना?” डॉक्टर म्हणाले.

“हाव साहेब,” कौतिका म्हणाली. “चुलीवर.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना बरं वाटलं नाही, हे मला दिसत होतं. “नियम तुला माहीत आहे, कौतिका. तुझ्याच हातासाठी आहे तो. आज संध्याकाळी खोली सोड. आत्ता आधी आत जा, जखम साफ करायला हवी.”

त्यानंतर विमलताईंनी घोषणा केली. बारा बायकांना माझ्याभोवती उभं करून फोटो काढला. संस्थेच्या पुस्तिकेत तो अजून छापतात. मला आता या कामाबद्दल भाषणं करायला बोलावतात, तेव्हा माझ्या मागच्या पडद्यावर तोच फोटो असतो. कौतिका डावीकडून दुसरी आहे. तिचा हात पदराखाली आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.

मंगळवारी मी सांगायला गेले. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही, कारण ती फार लंगडी आहे. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप होतं. ते शस्त्रक्रियेच्या शिबिराला चंद्रपूरला गेले होते, गुरुवारी येणार होते. मी चिठ्ठी लिहून ठेवू शकत होते. कारकुनाने कागदही पुढे केला. मी म्हटलं, नको, समक्षच बोलते.

गुरुवारी सकाळी दवाखान्याकडे जाताना अकरा नंबरपुढे रांगोळी दिसली. आत नवं जोडपं आलं होतं. बाई उंबरठ्याला शेण सारवत होती आणि नवरा काहीच काम नसताना तिच्या मागेमागे फिरत होता. मी तिथूनच वळले आणि स्त्रीवॉर्डात गेले. कौतिका खाटेवर बसली होती. डावा हात खांद्यापर्यंत बांधून उंच टांगला होता.

“मी आज सांगते आहे डॉक्टरांना,” मी म्हणाले. “आत्ता जाते. तुम्ही मला क्षमा करा.”

“नोका सांगू,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पाच वर्सं वाट पायली त्याईनं खोलीची. परवा रातच्याला थे बाई हासू हासू रडत होती म्हणे. आता त्याईचं बिऱ्हाड बाहेर काढता? अन् वर्ग बंद पडंन. बाकीच्या अकरा जणी काय करतीन मंग, दिवसभर भित्तीकडे पायत बसतीन?” तिने टांगलेल्या हाताकडे बघितलं. “सोमवारी सांगतलं असतं त बरं होतं. आता उशीर झाला.”

तिने शिव्या घातल्या नाहीत. मला वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. सांगावं लागणार नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला. आणि मी वर्गावर गेले.

मेण मी त्याच दिवशी बंद केलं. खळीच्या गार पेस्टने तसंच काम होतं, आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. रेषा मेणाइतकी बारीक येत नाही, एवढंच. पुढच्या महिन्यात कौतिकाची दोन बोटं काढावी लागली आणि उरलेला तळवा आखडून मुठीसारखा झाला. ती वर्गाला यायची. कोपऱ्यात बसायची, एका हाताने काम करायची. मी तिला ‘छान’ म्हटलं की “हाव” म्हणायची. मासे तिने पुन्हा काढले नाहीत, मी सांगेन ते काढायची.

दर रविवारी ती डोकं विंचरून पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसायची. हे मला इतर बायकांकडून कळलं. डोमाजी यायचा नाही. पहिल्या रविवारी त्याला बरं नसेल, असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या रविवारी तिने निरोप पाठवला. उत्तर आलं, पाय दुखतात. बारा रविवार असे गेले. शेवटी एका बुधवारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. त्या सोमवारनंतर ती पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलली.

“बाई, तुमाले पुरुषवाडात जाता येते. बुड्याले एकदा पाहून या ना. बिमार हाय का, का मेला बिला, काई समजत नाई. लोकं खरं सांगत नाईत मले.”

मी लगेच गेले. तिच्यासाठी करता येण्यासारखं काहीतरी मला मिळालं होतं, म्हणून जवळजवळ पळतच गेले.

डोमाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून काथ्या वळत होता. त्याच्याशी मी कधी दोन शब्दांपलीकडे बोलले नव्हते. साठीचा, वाळलेला माणूस. डोळ्यांच्या जागी पांढरट बुबुळं, पण काथ्या वळणारी बोटं सगळी जागच्या जागी होती आणि सराईतपणे फिरत होती.

“मी वर्गावरची बाई,” मी म्हणाले. “कौतिकाबाईंनी पाठवलंय. तुमचे पाय कसे आहेत?”

“पायाले काई नाई झालं,” तो म्हणाला.

“मग रविवारी तुम्ही येत का नाही? त्या तासभर बसून राहतात तिथे.”

त्याने काथ्या खाली ठेवला. मग म्हणाला, “बाई, तुमी शिकल्यासवरल्या. एक इचारू?”

“विचारा.”

“थे चुलीवर भाजली कशी?”

“हात कळत नाही ना त्यांना,” मी म्हणाले. “सैपाक करताना...”

“सैपाक म्याच करत होतो.”

“तुम्ही?” मी म्हणाले.

“माहे डोये गेले, पण हाताले समदं समजते,” तो म्हणाला. त्याने दोन्ही तळवे माझ्या दिशेने धरले. “थंडं, गरम, टोचलेलं, बंदं समजते. तिच्या हाताले समजत नाई, पण तिले दिसते. मंग आमी तसं ठरवलं. दार लावून घ्यायचं, चुलीपाशी मी बसायचं, थे बाजूले बसून सांगंन, भाकर फुगली, लाकूड मांगं घ्या. आंधळा चुलीपाशी बसते हे कोणाले समजलं असतं तरी खोली गेली असती. म्हणून कोणाले सांगतलं नाई. चूल तिच्या नावाची होती. पण तीन वर्सांत तिनं त्या चुलीले हात लावला नाई. म्या लावू देल्ला नाई.”

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रेडिओ लावला होता. मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

“मंग साहेबापुढं थे खोटं काहून बोलली? चार रोज माह्या बाजूले निजली, हाताचं सांगतलं नाई. मलमाचा वास आला मले. इचारलं, त म्हणे पायाले लावलं. अन् सोमवारी सरळ सांगून टाकलं, चुलीवर भाजली म्हणून.” त्याने तळवे मांडीवर ठेवले. “म्या लय इचार केला बाई. आंधळ्या माणसाचं करू करू कटाळली असंन. मले म्हणाली असती, डोमाजी, आता होत नाई, त मीच गेलो असतो निघून. खोटं बोलून काहून जा लागते? आता रविवारी तिच्यापुढं काय तोंड घेऊन बसू? थे दयेनं येत असंन.”

मी त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि सांगितलं. मेण, पातेलं, गळ्याची शपथ, ‘त्यांना दिसत नाही ना’ हे माझं वाक्य, ओसरीवरचे ते पाचसहा सेकंद, सगळं. मंगळवारचं कुलूप आणि गुरुवारची रांगोळीही सांगितली. सांगताना मी रडत होते आणि रडण्याचा मला राग येत होता, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मले सोडून नाई गेली थे.”

“नाही.”

“तुमच्यासाठी बोलली.”

“हो.”

“अन् मी बारा रविवार गेलो नाई.” त्याने भिंतीला लावलेली काठी चाचपली, ती हाताला लागली, पण तो उठला नाही. “आज कोणता वार हाय?”

“बुधवार.”

तो काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मग त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मी जिथे होते त्याच्या थोडं डावीकडे बघत तो बोलला. आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

“बाई, हे तीन महिने तुमी गावी गेल्या होत्या काय?”

“नाही,” मी म्हणाले. “इथेच होते.”